रामटेके हवालदारांची आठ पावलं

रामटेके हवालदार कुणाच्याही हातात ढोलाच्या काड्या देण्याआधी त्याला सडकेवर चालवून पाहत. चिखल्याच्या कामगार वसाहतीपासून मँगनीजच्या खाणीच्या फाटकापर्यंत सडक सरळ होती. ढोलपथकात यायची हौस असलेला गडी पुढे चालायचा आणि हवालदार त्याच्या मागे दहा हातांवर, मान खाली घालून, नुसता पावलांचा आवाज ऐकत. फाटकाशी पोचलं की निकाल. "हात कोणालेबी येते. तुये पाय येत नाई. घरी जाय." मग त्या गड्यानं कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसे.

मलाही त्यांनी असंच चालवलं होतं. मी खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरीबाबू होतो, सव्विशीतला, नुकताच मिशा कोरायला शिकलेला. फाटकाशी पोचल्यावर ते मागे वळून सडकेकडे पाहू लागले. बाबूला नाही कसं म्हणायचं, हा पेच पडला असावा. शेवटी म्हणाले, "बाबूजी, तुमचा एक पाय बपेऱ्याले जाते अन् दुसरा तुमसरले. तुमी आयका. आयकणारा बी पायजे ना." बपेरा हे माझं गाव. त्या दिवसापासून मी ऐकणारा झालो आणि ते काम हजेरीच्या कामापेक्षा जास्त इमानानं केलं. निदान तशी माझी समजूत होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागातल्या खाणी, कारखाने आणि शाळा यांच्या ढोलपथकांची दरवर्षी जानेवारीत जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या मैदानावर स्पर्धा व्हायची. अकरा साइड ड्रम, एक मोठा ढोल, समोर खुर्च्यांवर तीन परीक्षक. ताल, कवायत आणि पोशाख यांना वेगवेगळे गुण. आज कुणाला सांगितलं तर हसेल, पण त्या गुणांवरून आम्ही वर्षभर भांडायचो. जवाहरनगरच्या पथकाकडे पितळी पट्ट्यांचे नवे ढोल होते, इस्त्रीचे गणवेश होते. आमचे गडी भूमिगत खाणीतून वर आलेले. कितीही घासलं तरी नखांतली काळी धूळ जात नसे. कॅनव्हासच्या बुटांना मात्र खडू फासून ते पांढरेशुभ्र करत.

हवालदार पंधरा वर्षं पलटणीच्या बँडमध्ये ढोल वाजवून आले होते. खाणीत ते स्फोटकांच्या कोठीवर पहारा करत आणि संध्याकाळी पथकाला शिकवत. त्यांच्या पथकात सगळ्या जातींचे गडी होते आणि रांग उंचीनं लागायची, दुसऱ्या कशानंही नाही. एखाद्यानं जोर करून ढोल बडवला की ते त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणत, "ठोका तर कोणीबी मारते. दोन ठोक्यायच्या मंधात जे रायते ना, ते सांभाळ." मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मान मात्र मी जोरात डोलवायचो.

कळलं ते सत्त्याहत्तरच्या स्पर्धेत. आमचं पथक वाजवत मैदानाच्या मध्यापर्यंत आलं आणि एकदम सगळे ढोल थांबले. बारा जणांच्या काड्या छातीपाशी स्थिर. फक्त पावलं चालू होती. एक, दोन, तीन, चार. जवाहरनगरच्या बाजूनं कुणीतरी खिदळलं, "भूल गये." पाच, सहा, सात, आठ. आणि नवव्या पावलाला बाराही ढोल एका माणसानं वाजवावेत तसे वाजले. माझ्या अंगावर काटा आला. परीक्षकांपैकी एक जण खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. त्या वर्षी पहिला नंबर चिखल्याचा आला आणि परत येताना ट्रकमध्ये मी इतका ओरडलो की दोन दिवस माझा घसा बसला होता.

आता गावोगावी पथकं आहेत. चाळीस-पन्नास ढोल, फेटे, समोर मोबाइल धरलेली गर्दी. जोर दांडगा असतो, पण आठ पावलं गप्प राहण्याची कुणाची छाती होत नाही. नातवासमोर मी असं नाक मुरडतो. मग माझं मलाच आठवतं की आमच्या हवालदारांच्या त्या आठ पावलांचं सर्वांत वाईट कुणी केलं, आणि मी गप्प बसतो.

पथकात मी वाजवत नसलो तरी पथक माझ्यामुळे चालतं, असं मला वाटे. त्यात थोडं खरंही होतं. शिफ्टा मी लावायचो. स्पर्धेच्या आधी तीन महिने बाराही जणांना सकाळची शिफ्ट दिली की संध्याकाळी सराव व्हायचा. हवालदार त्याबद्दल दर वेळी ऑफिसच्या खिडकीशी येऊन म्हणत, "जय भीम, बाबूजी. तुमच्यानं पथक उभं हाये." मला ते ऐकायला फार गोड वाटे.

एकदा सरावानंतर पटांगणाच्या कठड्यावर बसून त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील गावात डफडं वाजवत. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बोलावणं आलं की जायचं, मांडवाच्या बाहेर उभं राहायचं, सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर उरलेलं फडक्यात बांधून आणायचं. नाही म्हणायची सोयच नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन ते नागपूरहून परतले आणि सरळ गावच्या तळ्यावर गेले. हवालदार तेव्हा रजेवर घरी होते. "माह्या डोयासमोर बानं डफडं पान्यात सोडलं. मले म्हणे, तू पलटणीत वाजवते ते वाजव. मैदानात वाजव. पन कोणाच्या दारात उभा राहून वाजवू नको. मी शब्द देल्लो." ही गोष्ट मी ऐकली होती. शेजारी बसून, लक्ष देऊन ऐकली होती. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

ज्या वर्षी आम्ही पहिले आलो, त्याच वर्षी वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी गावात पथकाचं कौतुक सांगून सांगून सगळ्यांचे कान किटवले होते. एके दिवशी मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, चारचौघांत म्हणाले, "नुसता सांगत राहतेस. आनून दाखव ना तुया ढोलवाला. वरात बालाघाटकडची हाये, त्यायले बी समजू दे." मी फुशारकीनं हो म्हणून बसलो.

हवालदारांना विचारलं तेव्हा ते हसले. "लग्नाले येईन बाबूजी, पाहुणा म्हणून. ढोल नाई आनत." इथं मी थांबायला हवं होतं. मी त्यांचा चाहता होतो ना. पण मला गावात नाक वर करून फिरायचं होतं. त्या वेळी मी जे बोललो ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी हजेरीच्या वहीत पाहत, सहज बोलल्यासारखं म्हणालो, "हवालदार, पुढच्या महिन्यात शिफ्टा नव्यानं लावाच्या हायेत. तुमच्या पोट्ट्यायचं दरसाल मीच पाहतो ना?"

ते खिडकीच्या गजांपलीकडे उभे होते. त्यांनी माझ्यासमोरच्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोट्ट्यायले आनत नाई. मी एकटा येतो."

ते आले. अंगात साधा सदरा-पायजमा. मी हिरमुसून विचारलं, "पोशाख काहून नाई घातला?" ते म्हणाले, "पोशाख पथकाचा हाये." मोठेबाबांनी त्यांना मांडवाच्या बाहेर, बैलगाड्या सोडल्या होत्या तिथं उभं केलं. मी ते पाहिलं. पाहुण्यांची गडबड आहे, नंतर आत बोलावू, असं मनाशी म्हटलं आणि बोलावलं नाही.

वरात आल्यावर त्यांनी ढोल गळ्यात घातला. स्पर्धेतलंच वाजवलं, तितकंच नेटकं, एका जागी पावलं टाकत. बालाघाटचे पाहुणे माना वळवून पाहू लागले आणि माझी छाती फुगली. मग ढोल थांबला. एक, दोन, तीन. अख्ख्या मांडवात ते काय चाललंय हे कळणारा मी एकटा होतो. चौथ्या पावलाला मोठेबाबा ओरडले, "काहून थांबला बे? वाजव." लोक हसले.

मीही हसलो. का हसलो, याचं उत्तर मी स्वतःला कितीदा तरी विचारलं आहे. सगळे हसत होते म्हणून हसलो, एवढंच. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोजणी अर्धवट सोडून पाचव्या पावलालाच त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि नवरदेव मांडवात जाईपर्यंत मध्ये कुठंही न थांबता वाजवत राहिले. जेवायला बोलवायला गेलो तेव्हा ते निघून गेले होते.

पुढे त्यांनी पथकाला शिकवणं सोडलं नाही, पण स्वतः काड्या कधी हातात घेतल्या नाहीत. "उमर झाली," म्हणत. वय फार तर सत्तेचाळीस. खिडकीशी आले की जय भीम तसाच, पण पथक तुमच्यानं उभं आहे हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. आणि मला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्या लग्नाची गोष्ट मी पुढची कितीतरी वर्षं मिरवली. आमच्या घरच्या लग्नात हवालदारांनी वाजवलं होतं, एवढा घरोबा होता, म्हणून.

अठ्ठ्याऐंशी साली ते निवृत्त झाले. कामगारांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला, मी भाषणाला उभा राहिलो आणि तीच गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. हवालदार मांडीवरच्या हाराची फुलं सारखी करत होते. बाहेर आल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडे आली. ती तुमसरला शाळेत शिकवत होती. रागावली नव्हती, पण स्पष्ट बोलली. "काका, ते लग्नाचं नसतं सांगतलं तर बरं झालं असतं. बाबा त्या दिवशी आले तसे भिंतीकडं तोंड करून झोपले. आजोबाले शब्द देल्ला होता त्यायनं. तुमाले मालूम नव्हतं काय?"

"मालूम होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. सामान बांधणं चाललं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः ट्रंकेवर बसले. मी कसाबसा बोललो. माझं चुकलं, मला माफ करा, शिफ्टांचं नाव काढायला नको होतं. वाटलं, रागावतील, निदान गप्प राहतील. ते माझी समजूत काढू लागले.

"तुमी कायले माफी मांगता बाबूजी? तुमचं बोलनं मी कईचाच इसरलो. मले लाज वाटते ती माही. मी नाई म्हणू शकत होतो. माह्याजवळ नोकरी होती, पेन्शन होती. पलटणीत बंदुकीसमोर उभा राहिलो मी. तरी तुमी तेवढं बोलले अन् तोंडातून 'येतो' निघालं. माह्या बाच्या तोंडातून निघे ना, तसंच. अकरा वर्सं झाली, कोणाले सांगतलं नाई."

जी लाज माझी होती, ती हा माणूस अकरा वर्षं स्वतःची समजून वाहत होता आणि तेवढीच वर्षं मी ती गोष्ट मिरवत हिंडत होतो. ती लाज माझी आहे, तुमची नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं. तेवढ्यात ट्रक आला. ते उठले, ट्रंक उचलायला वाकले, आणि मी दुसऱ्या बाजूची कडी धरली.