लाल ठिपक्याची जोडी

केनेश संशयी माणूस. बिश्केकमध्ये त्याला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. अंडी विकत आणली तरी घरी येऊन एकेक अंडं उजेडाला धरून बघणार. त्याचा भरवसा होता तो एकाच माणसावर, सागिनवर. शाळेपासूनचा दोस्त.

दोघं मिळून गिटारवाल्यांसाठी फझ पेडल बनवायचे. पत्र्याची डबी, पायाने दाबली की गिटारचा गोड सूर फाटून खरखरीत, रांगडा होऊन बाहेर पडतो. सगळी करामत आतल्या दोन ट्रान्झिस्टरांची, सूर फुगवणाऱ्या त्या इवल्याशा सुट्या भागांची. सिलिकॉनचे कुठेही मिळतात, पण त्यांचा आवाज केनेशला चिरका वाटे. त्याला हवे सोव्हिएत जमान्यातल्या मोडक्या रेडिओंतले, जर्मेनियमचे. ते मेले एकासारखा दुसरा असेल तर शपथ! म्हणून केनेश प्रत्येकाला मीटरला लावून त्याची ताकद मोजायचा, जोडी जमवायचा आणि डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. मग सागिन आपल्या घरी ती जोडी सोल्डर करून डबी पुरी करायचा. शहरातली पोरं या डब्यांवर जीव टाकत, आणि म्हातारपणी केनेशला एवढीच एक ऐट होती.

त्या हिवाळ्यात केनेशचे गुडघे रुसले. तो काम करायचा त्या गॅरेजमधली थंडी सोसेना, म्हणून केनेशने मीटरबिटर उचलून घरच्या स्वयंपाकघरात मांडला. तिथे खिडकीखालचे गरम पाण्याचे पाइप असे तापत की बुवा बनियनवर बसून काम करायचे.

आणि बेगिमायचा फोन आला. ही मुलगी एका तळघरातल्या क्लबात गिटार वाजवायची, आणि तिकडे थोरल्यांना म्हणतात तसं त्याला 'बायके', म्हणजे दादा, म्हणायची.

"केनेश बायके, तुमची नवी डबी मेली हो! सूर निघतो न निघतो तोच तुटतो. काल लोक हसले मला."

केनेश मीटर आणि सोल्डरगन काखोटीला मारून तळघरात उतरला. दुपारची वेळ, क्लब रिकामा, बेगिमाय ओव्हरकोट घालून हातांवर फुंकर मारत बसलेली. त्याने डबी उघडली, दोन्ही ट्रान्झिस्टर सोडवले, थोडा वेळ थंड होऊ दिले आणि मोजले. काटा निम्म्यावरच अडला.

"हे माझे नव्हेत," तो म्हणाला.

"असं कसं? लाल ठिपका तर आहे की."

"ठिपका काय, कुणीही देईल!"

आणि बोलता बोलता त्याला बुरुलची नखं आठवली. बुरुल म्हणजे सागिनची बायको. नातवाच्या बारशाला तिने नखं रंगवली होती. लाल! हाच लाल! अस्सं काय? माझा चांगला माल बाहेर कुणाला तरी विकायचा, आणि माझ्या नावाने भंगार खपवायचं? केनेशच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो थांबेचना.

तो तसाच सागिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बदललेस ना ट्रान्झिस्टर?"

"काय बदललं?" सागिनच्या हातात चहाची वाटी होती.

"साळसूदपणा नको. मी मोजून दिले होते. बायकोच्या नेलपॉलिशने ठिपके देतोस आणि माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोस?"

सागिनने वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "केनेश, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

बुरुल आतून नान घेऊन धावत आली. दाराशी आलेल्याने निदान एक तुकडा मोडून तोंडात घालायचा आणि मगच जायचं ही तिकडची रीत, कितीही भांडण असो. "बायके, आधी घास घ्या, मग भांडा काय ते."

"चोराच्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरत नाही," केनेश म्हणाला आणि जिना उतरला.

बोलला! असं बोलला, आणि वर स्वतःला शहाणा समजत घरी गेला.

पुढची डबी त्याने स्वतःच करायची ठरवली. स्वयंपाकघरात जोडी निवडली, ठिपके दिले आणि बाल्कनीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. सकाळी बर्फ पडलं होतं. त्याने तिथेच उभ्याने पुन्हा मोजलं, तर काटा निम्म्यावर.

आता इथे कोण आलं होतं चोरायला?

तो ट्रान्झिस्टर चिमटीत धरून बघत राहिला, आणि बघता बघता काटा वर चढू लागला. त्याच्याच बोटांच्या उबेने. जर्मेनियमला ऊब लागली की ते खोटं बोलतं, हे तोच गेली कित्येक वर्षं पोरांना ओरडून सांगत आला होता. हात लावू नका, थंड होऊ द्या, मग मोजा! आणि स्वतः भट्टीसारख्या स्वयंपाकघरात बसून, बोटांत धरून मोजत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

कोट चढवून तो तडक सागिनकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

सागिन हसला. "बनियनवर मोजत होतास? गाढवा!"

"गाढवच. मला माफ कर रे."

"जाऊ दे. आण ती बेगिमायची डबी, बघतो मी. यापुढे जोडी बाल्कनीत मोजत जा."

दोघांनी डबीबद्दल, गुडघ्यांबद्दल, बर्फाबद्दल बोलून घेतलं. सागिन सगळं नीट बोलला, आवाज चढवला नाही की टोमणा मारला नाही. केनेशचा जीव भांड्यात पडला. निघताना तो दाराशी बूट घालत बसला, एक नाडी बांधायला त्याने उगीचच वेळ लावला. आतून ताज्या नानचा वास येत होता.

बुरुल पदर खोचल्यासारखा रुमाल कमरेला बांधून बाहेर आली. हात पिठाने भरलेले. नखं कोरी होती, रंग खरवडून काढलेला.

केनेश उठून उभा राहिला आणि नानच्या तुकड्यासाठी थांबला.

"जपून जा हो, बायके," ती म्हणाली. "जिन्यावर बर्फ आहे."

आणि तिने हळूच दार लावून घेतलं.