मालाचं तोंड गिऱ्हाइकाकडे

थोरली नेमकं काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या धाकटीनं फोनवर विचारलं की ती म्हणायची, "कंप्युटरवर असतं गं काहीतरी." वडिलांनी विचारलं की म्हणायची, "दुकान मशीन सांभाळतं बाबा, आणि मी मशीनला सांभाळते." बाबा यावर मनापासून हसायचे. आपली लेक अशी मोठमोठी यंत्रं सांभाळते, याचं त्यांना कौतुक होतं. लेक खोटं बोलत होती, आणि त्या कौतुकापुढे तिला दर वेळी थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं.

ती ज्या कंपनीत होती तिची दुकानं नव्या तऱ्हेची. गल्ल्यावर माणूस नाही, मुळात गल्लाच नाही. दारात फोन दाखवायचा, हवं ते उचलायचं आणि चालू पडायचं. पैसे आपोआप कापले जातात. सगळा कारभार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती, असं दारावर हातभर अक्षरांत लिहिलेलं. आता ही बुद्धिमत्ता काहीच करत नव्हती असं नाही, पण बिचारी पदोपदी अडायची. बाईनं उचलली ती बरणी मधाची की जॅमची? परत ठेवली ती तीच की दुसरी? अडलं, की तेवढं चित्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडदे ओढलेल्या एका खोलीत यायचं. तिथे थोरली आणि तिच्यासारखी पुष्कळ माणसं कंप्युटरच्या पडद्याला डोळे लावून बसलेली असायची. ती बघून सांगायची, मध. मग बुद्धिमत्ता ऐटीत मधाचे पैसे कापायची. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

हे बाहेर बोलायचं नाही, अशी सही कामावर घेतानाच झाली होती. पण सही नसती तरी थोरली घरी बोलली नसती. बाबांना काय सांगणार? ज्या धंद्यानं तुमचं दुकान बंद पाडलं, त्यालाच मी माझे डोळे भाड्यानं दिलेत?

बाबांचं किराणा मालाचं दुकान होतं. उभा जन्म त्यात गेला. लोक असल्याच कंपन्यांकडून फोनवरून माल मागवायला लागले, तसं गिऱ्हाईक आटत गेलं. शेवटी शेवटी तर माणसं यायची, डबा हातात घेऊन उलटसुलट बघायची, "चांगला आहे का हो हा?" असं बाबांनाच विचारायची आणि घरी जाऊन तोच फोनवरून मागवायची. बाबा तरीही खरं ते सांगायचे. दुकान बंद झालं तेव्हा ते कुणावर चिडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, की असल्या फोनवाल्यांच्या दुकानात मी पाय ठेवणार नाही.

त्यांची एक सवय मात्र दुकानाबरोबर गेली नाही. गिऱ्हाईक वळलं रे वळलं, की बाबा फळीपाशी जायचे. मागचा जुना माल पुढे ओढायचा, शर्टाची बाही तळव्यावर ओढून डब्याचं झाकण पुसायचं, मग डबा फिरवून त्याचं नाव समोर आणायचं आणि वर एका बोटानं टिचकी मारून ओळीत बसवायचा. "मालानं गिऱ्हाइकाकडे पाठ करू नये," असं ते म्हणायचे. लहानपणी स्टुलावर उभी राहून थोरली हेच करायची. आता दुकान नव्हतं, म्हणून बाबा स्वयंपाकघरातले डबे ओळीत लावत बसायचे. सकाळी घाईत साखर म्हणून रवा हाती आला, की थोरली करवादायची, "बाबा, हे आपलं घर आहे हो, दुकान नाही!"

मध्यंतरी कंपनीनं नवं काम काढलं. चोऱ्या वाढल्या होत्या. चोर कसा ओळखायचा हे बुद्धिमत्तेला शिकवायचं होतं, आणि शिकवणार कोण? ही खोलीतली माणसं. पुष्कळ वस्तू हाताळून काहीच न घेणारा, एकाच जागी रेंगाळणारा, फळीच्या आत हात घालणारा दिसला, की लाल खूण करायची. खुणा पुरेशा झाल्या की बाहेर जायचं दार उघडत नसे आणि गार्ड येऊन त्या माणसाला बाजूला घेई. गिऱ्हाइकांची अब्रू जपायची म्हणून चेहरे पुसट केलेले असायचे. चेहरा झाकला की अब्रू झाकली, असा कंपनीचा साधा हिशोब.

थोरली या कामात पटाईत निघाली. इतरांना दिसायच्या आत तिला दिसायचं. सुपरवायझर बाई तिच्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणायच्या, "नजर असावी तर अशी." एवढ्या वर्षांत तिला कुणी असं काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे थोरली सुखावली. नजर आणखी तिखट झाली.

एके दिवशी तिच्या पडद्यावर एक म्हातारा आला. वरून घेतलेलं चित्र, धुऊन विटल्यासारखे रंग, चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट गोळा. अंगात चौकड्यांचा कोट. कुठल्या दुकानातला, तेही कळत नव्हतं, नुसता आकडा दिसे. म्हातारा डब्यांच्या फळीपाशी उभा राहिला तो हलेचना. हा डबा उचल, तो ठेव. पुन्हा दुसरा. घेत काहीच नाही. थोरलीनं खूण केली. म्हाताऱ्यानं फळीच्या आत कोपरापर्यंत हात घातला. तिनं आणखी एक केली. मग त्याचा हात बाहीत गेल्यासारखा दिसला. "अरे वा, बाहीत लपवतोय," असं पुटपुटत तिनं तिसरी खूण केली आणि पुढचं चित्र घेतलं.

चहाच्या वेळी तिनं ते रंगवून सांगितलं. "वय बघा आणि उद्योग बघा! सारखं आपलं डब्यांना कुरवाळणं चाललेलं." सगळे हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. खुर्चीच्या पाठीवर धाकटीनं पाठवलेला नवा कोट होता. इतके दिवस तो कपाटात घडी मोडल्याविना पडून होता, कारण 'घालून जायचं कुठे?' असं बाबांचं म्हणणं. आज त्याचा एक खिसा उलटा होऊन बाहेर लोंबत होता.

"घालून बघितला वाटतं?" तिनं विचारलं.

"हो. बसतो बरोबर," बाबा म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. थोरलीनं खिसा आत सारला आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी तिला चहासाठी साखर पटकन सापडली. सगळे डबे कालच्या जागीच होते, कुठलं तोंड कुठे. बाबांनी हात लावला नव्हता. बरं नाही की काय, असं तिच्या मनात आलं, आणि उशीर होत होता म्हणून गेलंही.

त्याच दिवशी सुपरवायझर बाईंनी सगळ्यांना भिंतीवरच्या मोठ्या पडद्यापुढे बसवलं. उत्तम खूण कशी करावी याचा नमुना दाखवायचा होता. "ही आपल्या तिखट नजरेची कामगिरी," असं थोरलीकडे बघत म्हणून त्यांनी चित्र लावलं, तेही सावकाश चालणारं.

मोठ्या पडद्यावर चौकडे स्पष्ट दिसले. मग हात दिसले. उजव्या हाताची बोटं कोटाची बाही तळव्यावर ओढून घेत होती. झाकण पुसलं गेलं. डबा फिरला. नाव समोर आलं. वर एका बोटाची टिचकी.

थोरलीच्या मांडीवरचा उजवा हात तिच्या नकळत तसाच हलला.

चित्र थांबलं नाही. फळीवर म्हाताऱ्याच्या मागे सगळी रांग सरळ झाली होती, एकाही डब्याची पाठ समोर नव्हती. मग ते दारापाशी गेले, दार उघडलं नाही, गार्ड आला. गार्डनं काही म्हणायच्या आत त्यांनी आपणहून कोटाचा खिसा उलटा करून दाखवला. भोवती गिऱ्हाइकं उभी राहिली होती. कुणीतरी बाजूला सरकलं, आपली पिशवी सांभाळत.

"गार्डला काही मिळालं नाही," सुपरवायझर बाई म्हणाल्या, "पण ते महत्त्वाचं नाही. हालचाली बघा कशा अचूक टिपल्यात. मशीन यातूनच शिकणार." खोलीनं टाळ्या वाजवल्या.

थोरली उठून उभी राहिली. 'ते माझे वडील आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. तिनं मान लववली, टाळ्या घेतल्या आणि खाली बसली. खूण केली तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, असं तरी म्हणता येत होतं. टाळ्या घेतल्या तेव्हा सगळं ठाऊक होतं, आणि याचीच तिला जास्त लाज वाटली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात; धरणी कधी घेत नाही. शिफ्ट संपेपर्यंत बसावंच लागतं.

घरी बाबा तिची वाट बघत होते. तिचा चेहरा बघून त्यांना वाटलं, हिला कुठूनतरी कळलंय.

"बस. तुला सांगायचंच होतं," ते म्हणाले. "काल मी तुमच्या दुकानात गेलो होतो. पाय ठेवणार नाही म्हणालो होतो खरा, पण लेक सांभाळते ते दुकान एकदा डोळ्यांनी बघावं म्हटलं. धाकटीनं फोनवर सगळं समजावून दिलं. दुकान छान आहे गं, लख्ख! पण डबे सगळे पाठमोरे. मला राहवेना."

"बाबा..."

"ऐक ना. मशीनला वाटलं, मी चोर. चालायचंच. तू मनाला लावून घेऊ नकोस, त्यात तुझा काय दोष? मशीन ते मशीन, त्याला काय कळणार माल लावणारा कोण आणि चोरणारा कोण! तिथे माणूस बसलेला असता तर त्यानं ओळखलं असतं."

इथे गप्प बसणं फार सोपं होतं. बाबांनीच पळवाट काढून दिली होती. थोरलीनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या कोटाकडे.

"मशीन नव्हतं बाबा," ती म्हणाली. "माणूसच बसलेला असतो तिथे. काल मी बसले होते. खुणा मी केल्या."

बाबांना आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. पडदे ओढलेली खोली, लाल खूण, चहाच्या वेळचं हसणं, आणि टाळ्यासुद्धा. सांगताना ती जमिनीकडे बघत होती.

बाबांनी खुर्चीवरचा कोट उचलून मांडीवर घेतला. मग त्यांनी विचारलं, "चेहरा दिसत नव्हता ना तुला?" तिला सोडवायचंच होतं त्यांना अजून.

"नाही बाबा, शप्पथ! चेहरे पुसलेले असतात."

"मग ठीक." त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं, अगदी हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "पण हात तर दिसत होते ना?"

उत्तरासाठी बाबा थांबले नाहीत. ते उठले, कोटाची नीट घडी घातली आणि तो कपाटात तळाशी ठेवून दिला.

थोरलीनं दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडली, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं सोडली नाही. घर त्यावर चालतं. लाल खुणा मात्र तिच्या हातून होईनाशा झाल्या, आणि नजर मंदावली म्हणून सुपरवायझर बाईंनी तिला पुन्हा मध आणि जॅम ओळखायला बसवलं.

बाबा आता घरातल्या डब्यांना हात लावत नाहीत. रोज सकाळी कामाला निघण्याआधी थोरली बाही तळव्यावर ओढते, झाकणं पुसते, एकेक डबा फिरवून सरळ करते. बाबा खुर्चीत बसून तिच्या हातांकडे बघत असतात.