वीतभर वडाचे फेरे

मी जपानला कधीही गेलो नाही, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे माझ्या बायकोचं माझ्यावरचं प्रेम.

हे वाक्य मी सुमनसमोर बोलत नाही. (तिच्यामागेही फारसं बोलत नाही. आमचं चौक गावातलं घर लहान आहे, या खोलीतलं त्या खोलीत सगळं ऐकू जातं.)

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता, मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रक आमच्या पडवीसमोरून धडधडत जायचे आणि मी खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होतो. पण मनाने मी जपानला! शाळेत असताना कुणीतरी एक जपानी कॅलेंडर दिलं होतं. त्यावर फुजी पर्वत, पुढे गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं आणि एक छत्रीवाली बाई. मी जो त्या चित्राकडे बघत बसलो, तो मोठा झालो तरी उठलोच नाही. एसटीची तिकिटं दुमडून मी कागदी पाखरं करायचो. कंडक्टरने तिकीट मागितलं की पाखरू काढून द्यायचो आणि तो बिचारा ते उलगडता उलगडता माझा उद्धार करायचा. समोरच्या इर्शाळगडाला मी फुजी म्हणायचो. आता फुजी म्हणजे ऐसपैस मांडी घालून बसलेला, आणि आमच्या इर्शाळगडाला डोक्यावर सुळका. पण तेवढं मी चालवून घेतलं. एकदा दोन काड्यांनी आमटीभात खायला बसलो, तर आई घाबरून जवळ आली.

"वसंता, हात मोडलाय का रं?"

या सगळ्या वेडाचा कळस म्हणजे माझा बोन्साय. विहिरीच्या भिंतीतून उपटून आणलेलं वडाचं रोप मी पसरट कुंडीत लावलं. तारा गुंडाळल्या, मुळं छाटली, फांद्या वाकवल्या. वर्षानुवर्षं लेकरासारखं जपलं. शेवटी वीतभर उंचीचा, पण दिसायला अगदी म्हातारा वड तयार झाला. आणि त्याला चक्क एक पारंबी सुटली! दोऱ्याएवढी, पण पारंबी! ती कुंडीतल्या मातीला टेकली त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटले. (लोकांनी सुमनकडे बघून भलताच अर्थ काढला, आणि ती आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती.)

आईला मात्र ते झाड बघवत नसे. ती त्याला 'उपाशी वड' म्हणायची.

"झाडाला खाऊ घालायचं नाय, वाढू द्यायचं नाय, नि वर मिरवायचं. हे कसलं रं कौतुक?"

अशात कारखान्यात जपानी यंत्र आलं. यंत्राबरोबर ते बसवायला तनाकासाहेब आले. आणि बातमी आली की यंत्र शिकून यायला एका फिटरला सहा महिने जपानला पाठवणार. नावं दोनच होती, एक माझं आणि एक खोपोलीच्या विनायकचं. विनायकला जपान कुठल्या दिशेला आहे तेसुद्धा माहीत नव्हतं! निवड तनाकासाहेब करणार होते. मी मॅनेजरसाहेबांच्या कानावर बोन्साय घातला. ते खूश झाले. म्हणाले, "वा! रविवारी चार वाजता घेऊन येतो त्यांना तुमच्याकडे. झाड बघितलं की काम फत्ते समजा."

मी तरंगतच घरी आलो. पाहुण्यांसाठी किमोनो हवा म्हणून नाक्यावरच्या शिंप्याला कॅलेंडरवरची बाई दाखवली. त्याने आमच्या घरात उरलेल्या पडद्याच्या कापडाचा एक झगा शिवून दिला, वर आपल्या मनाने दोन खिसेही लावले. आरशात मी अगदी जपानी दिसत होतो. खिडकीपाशी उभा राहिलो तर मात्र मी कुठे संपतो नि पडदा कुठे सुरू होतो ते समजत नव्हतं.

रविवारी सकाळी अंघोळ करून, झगा चढवून पडवीत आलो आणि बघतो तर काय! माझा वड तीन पायांच्या डुगडुगत्या स्टुलावर, पडवीच्या मधोमध! बुंध्याला हळद, कुंडीला कुंकू, पारंबीला गंध! समोर आंबे, विड्याची पानं आणि सुताची गुंडी घेऊन नव्या साडीतली सुमन.

"हे काय चाललंय?"

"अहो, असं काय करता? आज वटपौर्णिमा!"

आता हे मला कुठून कळणार? घरातलं तिथीवारांचं कॅलेंडर काढून मी त्या खिळ्यावर फुजी लावला होता. जपान्यांच्या कॅलेंडरात वटपौर्णिमा नसते.

"अगं आई, पण तुम्ही दरवर्षी हायवेवरच्या वडाला जाता ना?"

"कुठला वड? रस्ता रुंद केला तवा तोडला न्हवं त्यो! पुढल्या वडाला जायचं तर माझं गुडघं साथ देत नायत."

"मग फांदी आणा. सगळे आणतात."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फांदी नाही, कुणाचा तरी हात तोडून आणा म्हणालो होतो.

"झाडाचा हात तोडून नवऱ्याला आयुष्य मागायचं? मुळासकट जिता वड घरात असताना? नि ती पोर तुझ्यासाठी उपाशी हाय रं! एक झाड तू उपाशी ठेवलंस, आता बायको ठेव!"

पाहुणे चारला येणार, तोवर सगळं पुसून चकाचक करता येईल, असा मी हिशेब केला. सुमनला म्हणालो, "एकटीनेच कर. सूत सैल ठेव. आणि पाणी चमचाभर!"

तिने मान हलवली. तेवढ्यात शेजारची मंदा आली. तिच्यामागे आळीतल्या आणखी बायका, प्रत्येकीच्या हातात तांब्या! आईने सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

एवढ्या बायका फिरू लागल्यावर स्टूल डुलायला लागलं. माझी पारंबी थरथरली.

"वसंता, स्टूल धर! बस खाली!"

मी पाहुण्यासाठी घातलेल्या झग्यात स्टुलाला मिठी मारून फतकल घालून बसलो. बायका फेरे घालू लागल्या. पडवी अरुंद, वड वीतभर, आणि मी चांगला आडदांड! सूत वडाला लागायच्या आधी मलाच लागत होतं. पहिल्या फेऱ्यात खांदे गेले. दुसऱ्यात कोपर गेलं.

"भावजी, मान जरा खाली करा. सूत अडकतंय," मंदा म्हणाली.

"अहो वहिनी, पण मला का गुंडाळताय?"

"हलू नको रं!" आई ओरडली. "सूत तुटलं तर अपशकुन हुईल!"

कुणाच्या नवऱ्याला अपशकुन होणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी हललो नाही. तांबे मात्र वडाच्या मुळाशी नेमके रिकामे होत होते. वडाने जेवढं सोसलं तेवढं प्यायलं आणि बाकीचं माझ्या मानेवरून झग्यात उतरलं.

एवढ्यात मंदाचा नवरा बाळाराम आला. त्याचं हायवेवर गॅरेज. हातात पाना, कपाळाला ऑइल. बायको चहा ठेवायला आली नाही म्हणून बघायला आला आणि दारातच थबकला.

"मंदे! फेरे कुणाला घालतेस?"

"वडाला!"

"मधी तर वसंता बसलाय!"

"त्याच्या डोक्यावर वड हाय की!"

"मला त्यो दिसत नाय, ह्योच दिसतोय! सात जन्म माझं मागतेस का ह्याचं?"

बायका फेऱ्यातच थांबल्या. प्रत्येकीच्या तोंडावर तोच प्रश्न. सुमनने तर माझ्याकडे असं बघितलं, जणू सगळ्यांना मीच बोलावून आणलं होतं. शेवटी आईने तोडगा काढला. फेरा घालताना प्रत्येकीने आपापल्या नवऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. देवाचा घोटाळा नको.

झालं! "बाळारामरावांसाठी!" "दत्तूशेठसाठी!" "वसंतरावांसाठी!" पडवी दणाणून गेली. हायवेवर एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून आत डोकावून बघितलं.

त्याच्या मागोमाग एक जीप येऊन थांबली.

तनाकासाहेबांना ऊन चढायच्या आत इर्शाळगड बघायचा होता, म्हणून ते मॅनेजरसाहेबांना घेऊन सकाळीच निघाले होते आणि वाटेत आधी आमच्याकडे उतरले. जपानी माणूस वेळ पाळतो, हे मी वर्षानुवर्षं गावाला ऐकवत आलो होतो. वेळेच्या इतका आधी येतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं!

"वसंतराव," मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय का?"

मी उत्तर देण्यापेक्षा संस्कृती सांभाळायची ठरवली. कितीतरी दिवस आरशासमोर सराव केला होता. "कोन्निचिवा!" असा खणखणीत जपानी नमस्कार करून मी कमरेतून वाकलो.

मी वाकलो, माझ्याबरोबर सूत वाकलं आणि सुताबरोबर स्टूल! वड कुंडीसकट सुटला. बायकांनी किंकाळी फोडली. माझे दोन्ही हात बांधलेले. डोळ्यांसमोरून माझी सगळी वर्षं, माझी पारंबी आणि माझं जपान खाली चाललं होतं. पण तनाकासाहेब झेपावले आणि त्यांनी कुंडी वरच्यावर झेलली!

त्यांनी झाड निरखलं. बुंधा, फांद्या, हळद, कुंकू. पारंबी शाबूत होती. मग त्यांनी झाडाला कमरेतून वाकून नमस्कार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मॅनेजरसाहेबांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. मॅनेजरसाहेबांनी बायकांकडे, वडाकडे आणि नाइलाजाने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की हाच नवरा पुढचे सात जन्म मिळावा म्हणून हे सगळं चाललंय.

तनाकासाहेबांनी वड जपून स्टुलावर ठेवला, बूट काढले, सुमनकडून सुताची गुंडी मागून घेतली आणि फेरे घालायला लागले!

"बया! बाप्या फेरे घालतोय!" मंदा म्हणाली.

"त्यांची पत्नी जपानला आहे," मॅनेजरसाहेब म्हणाले. "वर्ष झालं भेट नाही. तिच्यासाठी घालतायत."

आईने पदर डोळ्यांना लावला. सुमनने त्यांना वाणाचा आंबा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. बाळाराम पाना मागे लपवून उगाच खाली बघत उभा राहिला, आणि मंदाने त्याला कोपराने ढोसलं, "बघा, शिका कायतरी." मग साहेबांनी कॅमेरा काढून खूप फोटो घेतले. मला खात्री पटली. जपान पक्का! मला सोडवायचं सगळेच विसरले होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"तनाकासाहेब तुमच्यावर बेहद्द खूश आहेत, वसंतराव."

"मग साहेब, कधी निघायचं?"

"विनायक निघतोय. साहेब म्हणाले, ज्याची बायको त्याला सात जन्म मागते, त्याला तिच्यापासून सहा महिने लांब ठेवायचं पाप मी करणार नाही. विनायकचं लग्न झालेलं नाही ना!"

घरी येऊन मी सुमनला सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग रात्री माझ्या ताटात पुरणपोळी वाढली. आई म्हणाली, "अरं, सात जन्मांची सोय केलीया तुझी. एका तरी जन्मी जाशील." विनायक गेला, आला, आणि येताना माझ्यासाठी एक जपानी मासिक घेऊन आला. तनाकासाहेबांच्या कारखान्याचं. आत पानभर रंगीत फोटो! मधोमध माझा वड. एका बाजूला आई, दुसरीकडे आंबा देणारी सुमन, मागे मंदा, अगदी पाना लपवणारा बाळारामसुद्धा! आणि खाली, अगदी कडेला, सुताने करकचून बांधलेलं, पडद्याच्या कापडातलं एक कोपर.

ते पान चौकट करून फुजीशेजारी लावलंय. वडाला त्या दिवशीचं पाणी मानवलं, आता त्याला तीन पारंब्या आहेत. कुणी पाहुणा भिंतीकडे बघून विचारतो, "काय वसंतराव, जपानला जाऊन आलात की काय?" मी खोटं बोलत नाही.

"सगळा नाही गेलो," मी सांगतो. "कोपरापुरता."