खर्र्याचा गाल

गोळी घेतली की सुभद्रा माझ्यासमोर आ करायची, जीभ उचलून दाखवायची आणि म्हणायची, "पाह्य वो बाई, गेली." रोज सकाळी. डाव्या गालात मात्र तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचाच. गोळीसाठीसुद्धा तो कधी बाहेर आला नाही.

पवनीत आमची घरं भिंतीला भिंत. ती हातमागावर बसायची, हात चलाख, तोंड त्याहून चलाख. तिला क्षयरोग निघाला तेव्हा नर्सबाईने गोळ्या माझ्याकडे ठेवल्या, समोर बसवून द्यायला. मी चौथीच शिकले, पण घेतलेलं काम चोख करते.

नर्सबाईने आम्हाला समजावलं होतं. अंगातला शिपाई जंतूला गिळतो, पण हा जंतू शिपायाच्या पोटातही मरत नाही. तिथेच बसून आपल्या अंगातलं लोह ओढून घेतो. गोळ्यांशिवाय तो मरायचा नाही.

सुभद्रा खोकत खोकत हसली. "म्हंजे घरजावईच झाला वो!"

माझ्या कोंबड्यांची अंडी मी तिला खाऊ घातली. दोन महिन्यांनी थुंकी तपासली, जंतू तसेच. नर्सबाईने विचारलं, "गोळ्या रोज देता ना?" मी खेकसले, "मंग मी काय खोटी बोलून रायली?"

त्याच आठवड्यात सुभद्राच्या मागाची दोरी तुटली. तिच्याने वाकवत नव्हतं, म्हणून मी मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात उतरले. कोपऱ्यात एक चिंधी होती. चिंधीत लाल गोळ्या, अर्धवट विरघळलेल्या, खर्र्याला चिकटलेल्या.

"हे काय वो?"

तिने मान खाली घातली. "गोळीनं मळमळते. मागावर बसवत नाही."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू एवढ्या मायेनं देऊन रायली, तुले नाही कशी म्हणू?"

म्हणजे माझ्या मायेचंच निमित्त. मी रोज तिची जीभ पाहिली, गाल पाहिला नाही. दोन महिने मी अंडी तिला घातली की तिच्या घरजावयाला?

अशा अर्धवट घेतल्याने पुढे साध्या गोळ्या लागू पडेनात. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले, पण बोलले नाही. नर्सने गोळी दिली. सुभद्रा पाणी प्यायली आणि कोणी न सांगता माझ्याकडे तोंड करून तिने आ केला. मी उठले, तिच्या डाव्या गालात बोट फिरवलं. गाल रिकामा होता.

"गेली," मी म्हटलं.

चार दिवसांनी सुभद्रा गेली. मी तिला माफ केलेलं नाही.