पोस्ट कोणी काढली?

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळे ताईच म्हणत. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. भिंतीला पट्टे टांगलेले, टेबलावर सुया नि बॉबिनचे डबे. वडिलांकडून शिकलेलं काम त्या वीस वर्षं करत होत्या.

त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, शिंपी आणि कारागिरांसाठी एक ऑनलाइन ग्रुप काढला होता. चार हजार माणसं. दाजी आणि त्यांचे दोन मित्र तो सांभाळत, पण तिघंही लिहीत ते एकाच नावाने: 'व्यवस्थापक'.

एका आठवड्यात ताईंकडे शिलाई मशीनला लावायच्या, एकाच बनावटीच्या दोन मोटरी आल्या. दोन्हींची वायर पेडलपाशी सोललेली. दुसरीने त्यांना असा झटका दिला की हातातला पेचकस उडाला. ताईंनी फोटो टाकून लिहिलं, 'ही मोटर तपासल्याशिवाय लावू नका.' दहा मिनिटांत पोस्ट गायब. पुन्हा टाकली, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा सूचना आली: 'वाद वाढवल्याबद्दल तुम्हाला सात दिवस लिहिता येणार नाही.'

"कसला वाद? मी एकटीच तर बोलतेय!" ताई रिकाम्या दुकानात ओरडल्या.

दाजींना फोन केला. "मी नाही काढली गं. त्या दोघांपैकी कुणीतरी असेल." पहिला मित्र म्हणाला, दाजींना विचारा. दुसरा म्हणाला, नियमात बसत नसेल. कुठला नियम? "तसा लिहिलेला नाहीये तो."

पाचव्या दिवशी एक शिंपीणबाई तीच मोटर घेऊन आली. तिची दोन बोटं भाजली होती. घ्यायच्या आधी तिने ग्रुपवर शोधलं होतं, पण काहीच सापडलं नव्हतं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी दुकान बंद करून त्या थेट बहिणीकडे गेल्या आणि त्या बोटांचा फोटो दाजींसमोर धरला.

दाजींनी हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "मोटरवाल्याने तक्रार केली होती, बदनामी होतेय म्हणून. मी वाचलंच नाही. काढून टाकली."

"आणि मला म्हणालात, मी नाही!"

"रोज शंभर तक्रारी येतात. फुकट राबतो मी!"

"राबायला कोण नको म्हणतंय? खोटं का बोललात?"

आतून बहीण म्हणाली, "जेवतानासुद्धा एक हात मोबाइलवर असतो. वाचायला मात्र वेळ नाही!"

संध्याकाळी दाजींनी पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने चूक कबूल केली. तीनशे उत्तरं आली, त्यांतली निम्मी टोमण्यांची. मग ठरलं, जो पोस्ट काढेल त्याने खाली आपलं नाव आणि कारण लिहायचं, आणि कुणी हरकत घेतली तर ती दुसऱ्याने तपासायची. "नाव लिहायचं तर मी नाही," म्हणत एक मित्र बाहेर पडला आणि त्याची जागा ताईंच्या गळ्यात पडली.

जुन्या काढलेल्या साठ पोस्टी त्यांनी चाळल्या. एकेचाळीस विनाकारण काढलेल्या निघाल्या, त्या परत लावल्या. ग्रुप सोडून गेलेल्यांना स्वतः फोन केले. काहींनी उचललेच नाहीत. भाजलेल्या बोटांची शिंपीणबाई म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून वाचेन, ताई. पण विश्वास ठेवेनच असं नाही."

फोन ठेवून ताई चरफडत उरलेल्या एकोणीस पोस्टींची कारणं लिहायला बसल्या.