वानराच्या साक्षीने प्रार्थना

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, हे मला मान्य आहे. फक्त जमत नाही. (मिटल्या डोळ्यांची माणसं किती वेगळी दिसतात, हे ज्यांनी पाहिलेलं नाही ते माझ्यापेक्षा चांगले ख्रिस्ती आहेत.)

न जमणारं दुसरं काम म्हणजे मोठ्यानं प्रार्थना करणं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यात स्वभाव अबोल. मराठीत 'हे कृपाळू पित्या'च्या पुढे माझी गाडी जात नाही.

यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही लातूरच्या दवाखान्यात होतो तोवर आमच्या अहमदपूरच्या चर्चच्या मंडळीनं एक दिवस डबा चुकवला नाही. मी मात्र प्रत्येकाला नुसती मान हलवून रिकामा डबा परत केला. आई चालू लागली तशी घरी उपकारस्तुतीची सभा ठरली. तिनं बजावलं, "जेवणाआधीची प्रार्थना तू करायची. तोंडानं आभार मान. मुकी हायेस का?"

मी दिवसभर पाठ केलं. गाणी झाली, पाळकसाहेबांचा संदेश झाला, मटणाचा वास घरभर झाला. सगळ्यांनी डोळे मिटले. मी "हे कृपाळू पित्या" म्हणाले आणि सवयीनं एक डोळा उघडला.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात वानर उभं होतं.

ओरडावं, तर डोळे उघडे होते हे सिद्ध होतं. तेही प्रार्थना करणारीचेच! मी रेटलं, "आईला पुन्हा चालवलंस..." वानर आत चालत आलं. पुऱ्यांच्या टोपल्यावरचं फडकं त्यानं आईइतकंच हळुवार बाजूला केलं. माझं पाठांतर पळालं.

"प्रभू, या लोकांनी आम्हाला जेवू घातलं," मी घाईनं म्हणाले. "सुमनमावशींची आमटी, पाळकीणबाईंचा भात, मी काही विसरले नाही. आज त्यांना चार घास आमच्या हातचे मिळू देत. म्हणून पुऱ्यांचं रक्षण कर. आत्ता. मागच्या दाराकडून."

"आमेन," सुमनमावशी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

"लवकर, प्रभू. टोपलं उचललं त्यानं!"

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली.

टोपलं अंगणातल्या लिंबावर पोचलं तेव्हा मी 'येशूच्या नावानं' म्हणून रीतसर शेवट केला.

"बघलालीस, तर मला हाक मारायची न्हाईस?" आई म्हणाली.

"प्रार्थना चालू होती."

"देवाला सांगितलंस. देव पुऱ्या लाटायला आलता का?"

सुमनमावशींनी पदर खोचला. "राहू दे गं. पाच भाकरीत पाच हजार जेवले, आपण तर मूठभर हाव." बायका आपापल्या घरी गेल्या आणि जाड, पातळ, करपलेल्या, जशा असतील तशा भाकरी घेऊन आल्या. ज्यांचे आभार मानायला बोलावलं, त्यांच्याच भाकरी आम्ही पुन्हा खाल्ल्या. आईनं रश्शात भाकरी कुस्करता कुस्करता डोळे पुसले. तिखट झालंय म्हणाली. झालं नव्हतं.

निघताना मावशींनी माझा हात धरला. "आमटी ध्यानात होती व्हय गं?" या वेळी मी मान हलवली नाही. "होती, मावशी," म्हणाले.

तेव्हापासून कुणाच्याही घरी सभा असो, जेवणाआधीची प्रार्थना माझ्याकडेच येते. माझ्या मराठीला आशीर्वाद मिळाला असावा, असं वाटून मी पाळकसाहेबांना विचारलंही.

"तसं न्हाई बेटा," ते म्हणाले. "अन्नापाशी एक तरी डोळा उघडा लागतो."