खुंटाजवळचा दिवा

श्रावण सरता सरता भाच्याचा फोन आला. "आत्या, अव्वा गेली. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसली… ती बसलीच." औरादहून दोन गाड्या बदलून कोहिनूर गावाच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात मी पोचले, तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. जो तो म्हणायचा, नागव्वा फार सरळ बाई. मी डोळे पुसत मान हलवत होते, पण मनात म्हणत होते, सरळ कसली? भाच्याची ही अव्वा, म्हणजे माझी वैनी, एक नंबरची लबाड होती. आणि तिच्या लबाडीवरच आमच्या घराचा मान टिकला. आता तिला त्याचा त्रास होणार नाही, म्हणून सांगते.

दसऱ्याला आमच्या गावात वेशीबाहेर केळीचा खुंट उभा करतात. दिवस बुडाल्यावर, पण गावात पहिला दिवा लागायच्या आत, तो तीर मारून फोडायचा आणि मगच सीमा ओलांडायची. तीर मारायचा मान आमच्या घराचा. तीर चुकला की मान चुलत्याच्या घरी जाणार, असा जुना ठराव. माझे वडील, अप्पा, रझाकारांच्या गडबडीत गेले. मेंढरंही गेली. मधले दसरे तसेच गेले, तीर कुणाला सुचतोय? मग निजामाचं राज्य जाऊन जरा निवांत झाल्यावर गावानं ठरवलं, औंदा खुंट उभा करायचा. अप्पांच्या जागी आता माझा भाऊ, बिरप्पाअण्णा. माझ्या अव्वानं, म्हणजे आईनं, कोनाड्यातला अप्पांचा बांबूचा कमठा, तीर मारायचं धनुष्य, काढला, तेल लावून पुसला आणि किती दिवसांनी पोटभर जेवली. अप्पांचं म्हणून तिच्याकडं तेवढंच उरलं होतं.

अण्णा दिवसा उडतं पाखरू पाडील असा नेमबाज. पण गडबडीच्या काळात महिनोन्महिने रानात उपाशी लपून राहिला, तेव्हापासून त्याला रातांधळेपणा जडला होता. दिवस कलला की पुढचा माणूस दिसायचा नाही. हे त्यानं अव्वालासुद्धा सांगितलं नव्हतं. वैनीला कळलं ते लग्नानंतर लगेच. तिन्हीसांजेला हा ओसरीच्या खांबाला म्हणायला, "पाणी दे गं." वैनी मागं उभी. ती हसली, मग तिला उमगलं, आणि त्या दिवसापासून त्याचे डोळे झाली. दिवेलागणीच्या आत काही ना काही निमित्त काढून ती त्याला घरात आणायची. गावाला वाटायचं, नवी नवरी नवऱ्याला बाहेर सोडीना. गावाची बोलणी तिनं खुशाल खाऊन घेतली.

मी तेव्हा पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते. वैनी माझ्याहून थोडीच मोठी, आमचं गूळपीठ. एका संध्याकाळी मी पाय मोकळे करायला मळ्याकडं गेले तर बांधापलीकडून टक टक आवाज. अंधारून आलेलं. अण्णा कमठा ताणून उभा, मान एका बाजूला कललेली, कान पुढं. समोर केळीचा खुंट रोवलेला आणि वैनी हातभर अंतरावर उभी राहून काठीनं खुंटावर ठोके मारायली. तो आवाजावर तीर सोडायचा. तीराचं लोखंडी पातं काढून ठेवलेलं होतं, तरी मी धावत बांधावर चढले.

"मरायलीस का काय?" मी म्हणाले.

"बाभळीच्या आडून ठोकलं तर आवाज फाकतोय," ती म्हणाली. "जवळ ऱ्हायलं की बरोबर येतंय."

रोज दिवस बुडाला की त्यांचं हे चालायचं. दसऱ्याला काही निमित्त काढून खुंटाजवळ उभं राहायचं आणि ठोका द्यायचा, असा वैनीचा बेत होता. अण्णा म्हणायचा, अंधारात डोळे ताणले की हात ताठ होतो आणि तीर वर जातो. म्हणून तो डोळे मिटूनच घ्यायचा, दोरी कानापर्यंत आणायचा, श्वास धरायचा, ठोका पडला की सोडायचा. हळूहळू दहातले सात-आठ तीर लागायला लागले. एकदा मात्र तीर वैनीच्या दंडाला घासून गेला. तिनं आवाज काढला नाही, पण काठी पडली, त्यावरून त्याला कळलं. त्यानं कमठा फेकून दिला. "मान गेला खड्ड्यात. काकाला देऊन टाकू." वैनीनं कमठा उचलून त्याच्या हातात दिला. "आत्याबाई आता कुठं जेवायल्यात," ती अव्वाबद्दल म्हणाली, "त्यांच्या ताटातलं काढून घेतोस व्हय?" त्यानं पुन्हा दोरी ओढली.

आणि दसरा आला. सगळं गाव वेशीबाहेर. खुंट उभा राहिला, दिवस बुडाला, अण्णा पुढं झाला, आणि हलगी वाजायला लागली. हलगीवाले चार, वर सनई. हलगीच्या गावात वाढलेली माणसं आम्ही, आणि तिघंही हलगी विसरलो होतो! त्या गदारोळात काठीचा ठोका कुठला ऐकू येणार? अण्णानं कमठा उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला. काका मिशीतल्या मिशीत हसायले. माझ्या शेजारी वैनी ओवाळणीचं तबक घेऊन उभी होती. तिनं पदराआड निरांजन पेटवलं आणि सरळ चालत जाऊन खुंटाशेजारी उभी राहिली. मळ्यात उभी राहायची तशीच, हातभर अंतरावर. आज तीराला पातं होतं.

हलगी थांबली. काका ओरडले, "तीर सुटायच्या आधी दिवा? ही कुठली रीत?"

वैनीची मान खाली. "अप्पांच्या वेळी आत्याबाई दिवा धरायच्या," ती म्हणाली. "तीराला ओवाळायला. मधी खंड पडला, म्हणून इसरलाव समदे."

साफ खोटं. माझं अर्धं आयुष्य त्या वेशीत गेलेलं, अव्वा कधी खुंटाजवळ फिरकलीसुद्धा नव्हती. सगळे अव्वाकडं बघायले. अव्वा सुनेकडं बघत होती. मग तिनं अण्णाकडं बघितलं, त्याच्या कललेल्या मानेकडं… आणि तिला सगळं कळलं. खोटी शपथ होऊ नये म्हणून जन्मभर खंडोबाचं नाव जपून घेणारी माझी अव्वा म्हणाली, "व्हय. मीच धरत होते."

हलगी पुन्हा सुरू झाली. अण्णानं दोरी ओढली आणि तीर खुंटाच्या मधोमध बसला. पुढं मी त्याला विचारलं, कसं रे जमलं? तो म्हणाला, "दिवा दिसला म्हंजी ती कुठं हाय ते दिसलं. तिला सोडून हातभर बाजूला मारायचं, येवढंच."

मग वैनी त्याला शेळीचं काळीज खाऊ घालत राहिली. त्याची नजर बरीच सुधारली, पण दिवा राहिला. तो गेला, त्याचा पोरगा उभा राहिला, दिवा राहिला. अव्वा आणि वैनी त्या दिवसाबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. पण त्या रात्री अव्वानं आपल्या हातानं सुनेच्या दंडावर हळद लावली, ते मी बघितलं.

यंदा सुतक फिटल्यावर दसऱ्याला मी मुद्दाम गेले. खांबावरचा लाइट तेवढ्यापुरता बंद केला होता. वैनीचा नातू कमठा ताणून उभा, आणि त्याची बायको निरांजन घेऊन खुंटाशेजारी, बरोबर हातभर अंतरावर. मला हुंदका आवरेना. शेजारी गावात नवीन आलेले मास्तर उभे होते. त्यांनी भाच्याला विचारलं, "ही दिव्याची प्रथा किती जुनी?"

"पूर्वापार," भाचा म्हणाला. "आमच्या आत्यालाच विचारा. जुनं माणूस तेवढंच उरलंय."

मास्तर माझ्याकडं वळले. मी पदरानं तोंड पुसलं.

"व्हय," मी म्हणाले. "माझ्या अव्वानं धरलेला मी बघितलाय."